वयाने भागिले

ही गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णव सालची. त्या डिसेंबरात सगळ्या जगाला एकच घोर लागला होता. एक जानेवारीला म्हणे कॉम्प्युटर शून्य-शून्य बघून वेडे होणार, बँकांतले पैसे गडप होणार, विमानं पडणार. आचोळ्याच्या 'शुभंकर' सोसायटीत तर सेक्रेटरी हरेश्वर चुरींनी नोटीस बोर्डावर लावलं होतं, 'सर्व सभासदांनी ३१ तारखेस पाणी भरून ठेवावे.' कॉम्प्युटरचा आणि गच्चीवरच्या टाकीचा संबंध काय, असं कोणी विचारलं नाही. पाणी भरून ठेवायला आचोळ्यात कारण लागत नसे.

जगाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते वसुंधरा परुळेकरबाईंचं डोकं, आणि तेही एक तारखेपर्यंत न थांबता वीस डिसेंबरलाच.

परुळेकरबाई माणिकपूरच्या एका मराठी शाळेत तिसरीच्या वर्गशिक्षिका. त्यांचा राग शाळेत आणि सोसायटीत सारखाच प्रसिद्ध होता. त्यांचे यजमान जयवंतराव बँकेत होते; आकड्यांत आयुष्य गेलेलं, त्यामुळे बायकोच्या रागासाठीही त्यांनी एक मोजपट्टी बनवली होती. एक म्हणजे चहात साखर कमी. दोन म्हणजे भांडी जोरात ठेवली जाणं. तीन म्हणजे माहेरचा उल्लेख. चार म्हणजे 'अहो'च्या ऐवजी 'परुळेकर' अशी हाक. आणि पाच म्हणजे संपूर्ण शांतता. पाच त्यांनी लग्नाच्या बावीस वर्षांत दोनदाच पाहिला होता आणि दोन्ही वेळा ते भावाकडे दोन दिवस राहून आले होते.

वीस डिसेंबरला संध्याकाळी बाई घरात शिरल्या त्या चारावरच.

"परुळेकर, आपल्या ॲनिशाला मंद ठरवलंय."

"कोण ॲनिशा?"

"तुस्कानोंची! माझ्या वर्गातली! अठ्ठ्याहत्तर म्हणे! अठ्ठ्याहत्तर!"

"शंभरपैकी? मग फर्स्ट क्लास आहे की."

यानंतर त्या दिवशी जयवंतरावांना चहा मिळाला नाही.

झालं होतं ते असं. बाईंच्या शाळेचे मुख्याध्यापक रामनाथ सावे यांना निवृत्तीच्या आधी शाळेत काहीतरी शास्त्रीय करायचं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी अशास्त्रीय पद्धतीने शाळा चालवली होती आणि ती बरी चालली होती. पण माणसाला शेवटी शेवटी असं होतं. मुंबईच्या एका कॉलेजातून उन्नती नावाची मुलगी बुद्धिमापनावर संशोधन करत होती. तिला मुलं हवी होती, सावेसरांना शास्त्र हवं होतं. तिने एक पेटी आणली. तिच्यात ठोकळे, चित्रांची कार्डं, प्रश्नांची वही आणि एक स्टॉपवॉच. आठ दिवस वाचनालयात बसून तिने तिसरीची सगळी मुलं एकेक करून तपासली. डोळ्यांचा डॉक्टर येतो तशी ती आली नि गेली, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग यादी आली. ज्यांचा बुद्ध्यांक ऐंशीच्या खाली, अशी चौदा मुलं. त्यांच्यासाठी पंधरा जानेवारीपासून मागच्या पत्र्याच्या इमारतीत 'विशेष वर्ग'. पालकांच्या सहीची संमतिपत्रंही छापून तयार.

यादीत नववं नाव ॲनिशा तुस्कानो. बुद्ध्यांक अठ्ठ्याहत्तर.

आता ॲनिशाबद्दल सांगायलाच हवं. बाप बोटीवर, आई कुवेतला दवाखान्यात नर्स, आणि पोर वाडीत आजीकडे. आजीचं नाव सालोमी. तिची केळीची वाडी होती, चार विहिरींइतकी खोल मतं होती आणि लाल लुगडं नेसून ती पंचक्रोशीत कोणाच्याही घरी न विचारता शिरत असे. ॲनिशा वर्गात मागे पडायची हे खरं. अक्षर वाकडं, शुद्धलेखनात दहापैकी तीन. पण एकदा गुणाकार शिकवताना बाईंनी विचारलं होतं, 'एका पेटीत बारा पेरू, तर नऊ पेट्यांत किती?' वर्ग पाटीत डोकं घालून बसला. ॲनिशा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "पेरूचं नाय माहीत, टीचर. पन घडाला नऊ फण्या आणि फणीला बारा केळी असली तर एकशे आठ होतात. त्यातली शेवटची फणी बारकी असते, ती धरायची की नाय?"

हिला मंद म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी बाई सावेसरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. खुर्ची दिली होती तरी उभ्या. बाई उभ्या राहून बोलायला लागल्या की शिपाई बाहेरून दार ओढून घ्यायचा, ही शाळेची जुनी पद्धत होती.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," सावेसर म्हणाले. "हे शास्त्र आहे."

"सर, ती पोर तोंडी हिशेब करते."

"शास्त्रात 'तोंडी' असं काही नसतं. विशेष वर्गाला एक जादा शिक्षक मंजूर होतो. मुलांचंही भलं, शाळेचंही भलं."

"म्हणजे शिक्षक मिळवायला पोरं मंद करायची?"

"बाई, आवाज! आणि एक लक्षात ठेवा. एकतीस मेला मी निवृत्त होतोय. या खुर्चीसाठी सेवाज्येष्ठतेत तुमचं नाव पहिलं आहे. खुर्चीवर बसणाऱ्याला थोडं थंड असावं लागतं."

बाई थंड झाल्या नाहीत. त्या थेट तालुक्याच्या शिक्षण विभागात वसईला गेल्या. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला. फेरचाचणीची मागणी, विषय बुद्धिमापन. त्याने तीन फायली काढल्या, तीन परत ठेवल्या.

"मॅडम, हा अर्ज आस्थापनेत बसत नाही. परीक्षा विभागात बसत नाही, कारण ही परीक्षा नाही. क्रीडा स्पर्धांतही नाही. शालेय पोषण आहाराची फाईल उघडी आहे, त्यात लावू का?"

"आणि मग काय होईल?"

"काही नाही. पण अर्जाला आवक नंबर पडेल."

आवक नंबर पडला. त्या अर्जाला पुढे मार्चमध्ये उत्तरही आलं, की तिसरीच्या तांदळाचा साठा समाधानकारक आहे.

मग बाईंनी उन्नतीलाच गाठलं. ती माणिकपूरला शाळेत उरलेले कागद न्यायला आली होती. पंचविशीची, बारीक चष्मा, खांद्याला झोळी. बाईंना वाटलं होतं की हिला चांगली झापावी. पण पोरगी इतकी भेदरलेली निघाली, की बाईंनी आधी तिला कँटीनचा चहा पाजला आणि मग झापली.

"मॅम, मी यादी करून द्या असं म्हटलंच नव्हतं," उन्नती रडवेली होत म्हणाली. "माझा तर रिसर्च आहे, की ही चाचणी इकडच्या मुलांना लागू पडते का नाही. सरांनी आकडे मागितले, मी दिले."

"ॲनिशाने काय उत्तरं दिली ती दाखव."

"ते कॉन्फिडेन्शियल असतं."

"दाखव."

तिने दाखवली. एक प्रश्न होता, 'केळं आणि आंबा यांत सारखं काय?' उत्तरसूचीत होतं, 'दोन्ही फळं आहेत.' ॲनिशाने सांगितलं होतं, 'दोन्ही आढीत घालतात.' गुण शून्य.

"शून्य?" बाई उभ्या राहिल्या. कँटीनवाल्याने कपबश्या आत घेतल्या. "अगं, हे तर शहाण्या माणसाचं उत्तर आहे! फळं आहेत हे गाढवालाही कळतं!"

"उत्तरसूचीबाहेर मला जाता येत नाही, मॅम. पण तुम्हाला प्रश्नच चुकीचे आहेत असं म्हणायचं असेल, तर तसा पुरावा लागतो. मोजमापाला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे विश्वसनीयता, पुन्हा मोजलं तरी तेच यायला हवं. दुसरी सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचंय तेच मोजलं जातंय ना. त्यासाठी इथल्या निदान तीस माणसांवर प्रश्न तपासून बघायला लागतील."

"तीस? इतकंच ना?"

तिथेच चूक झाली. 'इतकंच ना' म्हणून सुरू केलेलं एकही काम बाईंच्या आयुष्यात त्याच आठवड्यात संपलेलं नव्हतं. उन्नतीने जुन्या आवृत्तीची एक पेटी दिली आणि बजावलं, "मोठ्या माणसांचा बुद्ध्यांक काढू नका हं, मॅम. फक्त उत्तरं लिहून घ्या." बाई म्हणाल्या, हो हो.

बाईंचा बेत साधा होता. सोसायटीत चार घरी जाऊन चहाच्या निमित्ताने प्रश्न विचारायचे. पण जिन्यात चुरीकाका भेटले. हरेश्वर चुरी हे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. बिल्डिंगमध्ये झुरळ दिसलं तरी ते ठराव करून मारायचे.

"वहिनी, घरोघरी जाऊन माहिती गोळा करता? सोसायटीच्या परवानगीशिवाय?"

झालं. नोटीस लागली. 'रविवार दि. २ जानेवारी रोजी सकाळी दहा वाजता गच्चीवर सभासदांची बुद्धी तपासण्यात येईल. प्रत्येक कुटुंबातून एकाने तरी उपस्थित राहावे.' वर्गणीच्या मिटिंगला कधी नऊ माणसांपुढे उपस्थिती गेली नव्हती. त्या रविवारी एकतीस माणसं आली. कोणी सतरंज्या आणल्या, कोणी पेन्सिली तासून आणल्या. पहिल्या मजल्यावरची अनुष्का, नुकतंच लग्न झालेली, ती तर नवऱ्याला खाली ठेवून सासूबरोबर आली, कारण घरातून एकच हुशार माणूस पुरे असं सासूचं म्हणणं होतं आणि ते कोण यावर अजून निकाल लागला नव्हता.

सल्ले तर विचारूच नका. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, बुद्धी सकाळी अनशापोटी मोजतात, साखरेसारखी. नाश्ता झाला की चढते. कोणी म्हणालं, बदाम खाऊन आलेल्यांना वेगळं बसवा. एकाने हळूच विचारलं, याचा भाडेकरूंच्या डिपॉझिटशी काही संबंध आहे का.

प्रश्न सुरू झाले. 'रस्त्यात पाकीट सापडलं तर काय कराल?' उत्तरसूचीत होतं, मालकाला किंवा पोलिसांना देऊ. चुरीकाकांनी लिहिलं, 'नोटीस बोर्डावर लावू. तीन महिने वाट पाहू. हक्क सांगणारा न आल्यास सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने टाकीच्या दुरुस्तीत वळते करू.' बाईंनी नाइलाजाने शून्य दिला. अनुष्काच्या सासूने त्याच प्रश्नाला लिहिलं, 'पाकीट कोणाचं यावर अवलंबून.' जयवंतरावांनी एकट्यांनी सगळे प्रश्न बरोबर सोडवले आणि बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, की बाईंची पट्टी विनाकारण दोनावर गेली.

उत्तरं गोळा झाली. काम संपलं होतं. पण माणसं उठेनात.

"आकडा?" चुरीकाका म्हणाले.

"आकडा सांगायचा नाहीये, चुरीभाऊ."

"वाः! रविवारची सकाळ घालवली, पेन्सिली तासल्या, आणि आकडा नाही? वहिनी, गोळा केलेल्या माहितीवर सभासदांचा हक्क आहे."

"सांगा हो, बाई, आम्हाला काय राग येणार आहे?" असं एकतीस माणसं एकदम म्हणाली. ही वाक्यं जो खरी मानतो त्याचा बुद्ध्यांक मोजायची गरज नसते.

बाईंना उन्नतीचं बजावणं आठवलं. पण तेव्हा त्यांच्या मनात असं होतं, की बघू तरी, हे शास्त्र आमची माणसं कशी मापतं. त्यांनी वही उघडली. कृती सोपी होती. उत्तरांवरून मानसिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयाने भागायचं, शंभरने गुणायचं. चाचणी सोळा वर्षांपर्यंतची. सगळं बरोबर आलं तरी मानसिक वय सोळाच. चुरीकाकांचं चौदा आलं. वय एकसष्ट. चौदा भागिले एकसष्ट, गुणिले शंभर.

"तेवीस," बाई म्हणाल्या.

चुरीकाकांनी कान पुढे केला.

"काय तेवीस?"

"तुमचा बुद्ध्यांक."

जयवंतराव, सगळी उत्तरं बरोबर, वय अठ्ठेचाळीस: तेहतीस. अनुष्काच्या सासूबाई: वीस. सगळ्यांत वर आली अनुष्का, वय बावीस: अडुसष्ट. ती खुशीत येऊन टाळी वाजवणार होती, तेवढ्यात बाईंच्या ध्यानात आलं की आख्ख्या शुभंकर सोसायटीत ॲनिशा तुस्कानोइतका हुशार एकही माणूस नाही. सगळी इमारत पत्र्याच्या वर्गात बसवायला हवी.

त्या क्षणी त्यांना फार आनंद झाला. तो मिनिटभरही टिकला नाही.

"वहिनी, हा माझा अपमान आहे!" चुरीकाका ताडकन उभे राहिले. "बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली मी! आणि तुमचं गणितच चूक आहे. एकसष्ट हे कागदावरचं वय. खरं एकोणसाठ आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलं, एक जून. वडील म्हणाले, पोरगा लहान आहे. मास्तर म्हणाले, बसवून घेऊ. दोन वर्षं वाढवली. त्यापायी दोन वर्षं आधी रिटायर झालो मी! एकोणसाठने भागा!"

बाईंनी एकोणसाठने भागलं. "चोवीस."

"बघा! वाढला!" चुरीकाका गच्चीला उद्देशून म्हणाले.

"माझीही तारीख एक जूनच आहे हो," मागून कोणी बोललं. "माझीसुद्धा." "आमच्या ह्यांची पण, आणि दिरांची पण. दोघे तीन वर्षांनी लहान-मोठे, पण कागदावर दोघांचाही जन्म एक जूनचा. एक वर्षाच्या फरकाने, पण एकाच दिवशी." हशा पिकला. चुरीकाकांनी ताबडतोब हात वर करून मोजणी घेतली. एकतीसपैकी अकरा माणसं एक जूनला जन्मलेली. बारावा हात वर आला नाही. तो वसुंधराबाईंचा होता, आणि त्या हातात स्टॉपवॉच तसंच टिकटिकत होतं.

कारण त्यांना माणिकपूरच्या शाळेचं ऑफिस दिसत होतं. सत्त्याण्णवचा जून, प्रवेशाची रांग, टेबलामागे त्या स्वतः, आणि समोर लाल लुगड्यातली एक म्हातारी, अंगाने दांडग्या पोरीचा हात धरून. पहिलीला सहा पूर्ण हवीत, हा शाळेचा नियम. त्या एका सकाळी बाईंनी एकोणीस पोरांचे जन्म एक जूनला लावले होते. दयेनेच. नाहीतर पोरं वर्षभर वाडीत भटकली असती. सगळेच मास्तर असं करत. त्यात गैर आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. पोर मोठी दिसली की झालं.

कागदावर ॲनिशाचं वय साडेआठ. त्या साडेआठने तिच्या बुद्धीला भागलं होतं. अठ्ठ्याहत्तर तिथून आले होते.

त्या दिवशी बाई घरी येऊन शांत बसल्या. जयवंतरावांनी ओळखलं, हा पाच. त्यांनी भावाकडे जायची पिशवीही काढली. पण शांततेचा नूर निराळा होता. यावेळी राग बाहेर कोणावर नव्हताच, आणि तसल्या रागाला त्यांच्या पट्टीवर अंक नव्हता. त्यांनी पिशवी परत ठेवली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतः चहा केला. साखर जास्त झाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई सालोमीच्या वाडीत गेल्या. म्हातारी ओट्यावर केळीच्या सोपाच्या धाग्याने पालेभाजीच्या जुड्या बांधत होती. ॲनिशा बाजूला बसून जुड्या मोजत होती.

"या, टीचर. कागदाला सही पायजे म्हनून आलात? तो मी घरच्या आल्ताराच्या मागं, क्रुसापाशी ठेवलाय. नाय केली सही. म्हटलं, टीचर सांगल तवा करू."

"सालोमीबाय, ॲनिशाचा जन्म कधीचा?"

म्हातारीने हात थांबवला. "आठ सप्टेंबर. मोतमावलीचा सन. ब्यान्नव साल. घरातली समदी जत्रेला गेलेली, मी नि हिची आय रेजिना दोघीच, आनि ही तवाच यायची होती. तुमाला सांगितलं होतं ना मी?"

"मला? कधी?"

"नाव घालायला आलू तवा. मी बोलले, मावलीच्या सनाला जल्मली. तुमी बोटं मोजलीत आनि बोललात, 'ते राहू द्या आजी, तसं नाही बसत. मी घालते बरोबर. माझ्यावर सोपवा.'" म्हातारीने जुडीला गाठ मारली. "मी सोपवली."

बाईंना आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ ऐकवलं होतं. त्या सगळ्याला त्यांनी दुप्पट करून परत दिलं होतं. हे दोन शब्द ऐकून मात्र त्यांनी चर्चचा रस्ता विचारला.

चर्चमध्ये फादरांनी बाप्तिस्म्याचं मोठं पुस्तक काढलं. नाव, आईबाप, धर्ममातापिता, जन्म आठ सप्टेंबर एकोणीसशे ब्याण्णव. सगळं निळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही. बाईंना आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर आठवलं, आणि फादरांसमोर राग काढता येत नाही म्हणून त्यांनी तो दाराबाहेर येईपर्यंत दाबला. मग तिथल्या रिक्षावाल्याने मीटरच्या वर पाच रुपये मागितले. त्या बिचाऱ्याला अजूनही कळलं नसेल, की पाच रुपयांत आपल्याला इतकं काय काय ऐकावं लागलं.

उन्नतीने फोनवरच हिशेब केला. मानसिक वय सहा वर्षं आठ महिने. खरं वय सात वर्षं तीन महिने. "ब्याण्णव येतात, मॅम! अगदी सर्वसाधारण! आणि आढीच्या उत्तराला गुण धरले तर अजून..." ती आनंदाने ओरडत होती. मग थांबली. "पण मॅम, रजिस्टरमध्ये तारीख चुकीची कोणी लिहिली?"

सावेसरांनी नेमकं तेच विचारलं. बाईंनी जनरल रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. वळणदार, ठाशीव अक्षर. त्या अक्षराचं शाळेत नाव होतं. दररोज फळ्यावरचा सुविचार त्याच अक्षरात असे.

सावेसरांनी रजिस्टर हलकेच मिटलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. "बाई, तारीख बदलायची तर वरच्या ऑफिसात प्रस्ताव जातो. त्यात कारण लिहावं लागतं. 'लेखनिकाची नजरचूक' लिहा. आपले जुने क्लार्क वारले, त्यांना आता काय फरक पडतो? तुमचं नाव आलं तर मेमो येईल, आणि मग जूनमध्ये ही खुर्ची..."

"सर, ते क्लार्क सरळमार्गी होते. त्यांचं अक्षरसुद्धा असं नव्हतं."

"बाई, शांतपणे विचार करा. खुर्ची बारा वर्षांसाठी आहे, पोर एक आहे."

मग बाई उभ्या राहिल्या. शिपायाने दार ओढून घेतलं.

"एक? सर, यादी काढा. ती चौदा नावांची. आणि हे रजिस्टर. एकेक तारीख वाचा. मोठ्याने वाचा!"

सावेसरांनी वाचलं. एक जून. एक जून. चार ऑगस्ट. एक जून. शिपाई बाहेरून ऐकत होता. त्याने नंतर स्टाफरूममध्ये सांगितलं, की चर्चमध्ये लिटनीची प्रार्थना म्हणतात तसे सर म्हणत होते आणि बाई मधे मधे 'पुढे!' म्हणत होत्या. चौदापैकी अकरा पोरं एक जूनची. मंद कोण होतं? वयाने लहान पोरं मोठ्यांच्या वर्गात कोंबली होती. ती मागे पडली, की मग त्यांच्या मागे पडण्यालाही खोट्या वयाने भागलं होतं! बाई ओरडत होत्या; पण शिपायाचं म्हणणं असं, की आवाज सरांवर नव्हता. त्या रजिस्टरवर ओरडत होत्या.

बाईंनी प्रस्ताव स्वतः लिहिला. कारणाच्या रकान्यात एक ओळ: 'जन्मतारीख पालकांनी योग्य सांगितली होती. ती मी ऐकली नाही. – व. ज. परुळेकर.' सुविचार लिहितात त्या अक्षरात. अकराच्या अकरा अर्जांवर तेच, कारण त्यांतले आठ त्यांच्याच अक्षरातले होते आणि उरलेल्या तिघांच्या वेळी बोटं मोजायला त्याच शेजारी बसल्या होत्या.

यादीत आता राहिलेल्या तीनच पोरांसाठी विशेष वर्ग मंजूर होईना. पत्र्याच्या इमारतीत पूर्वीसारखंच क्रीडासाहित्य आणि मोडकी बाकं राहिली.

सालोमीने संमतिपत्र आल्तारामागून काढून बाईंना परत दिलं. त्याच्या पाठीवर ॲनिशाने केळीच्या फण्यांचा हिशेब केला होता. बरोबर होता.

मेमो फेब्रुवारीत आला. एक वेतनवाढ थांबली आणि जूनमध्ये मुख्याध्यापकाची खुर्ची बाईंना मिळाली नाही; सेवाज्येष्ठतेत तिसरे असलेले गृहस्थ तिच्यावर बसले. ते थंड होते. बाई दोन हजार बारापर्यंत तिसरीच शिकवत राहिल्या. त्या जूनपासून प्रवेशाच्या दिवशी त्यांच्या टेबलावर कोणाचा जन्म एक जूनला लागला नाही, आणि त्यापायी दरवर्षी रांगेत भांडण झालं.

सावेसर एकतीस मेला निवृत्त झाले. सगळ्यांनी विचारलं, मेअखेरच का? तर त्यांचीही जन्मतारीख एक जून होती. खरी कोणती ते त्यांच्या आईला ठाऊक होतं, आणि ती सत्तर सालीच गेली. चुरीकाकांनी सरकारकडे दोन वर्षांच्या बुडालेल्या पगाराचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. त्यांनी अपील केलं. तेही फेटाळलं. मरेपर्यंत त्यांनी सात अपिलं केली आणि सोसायटीत कोणी अकलेवरून बोललं, की ते म्हणत, "माझा चोवीस आहे, आणि तोही सिद्ध केलेला." उन्नतीला दोन हजार तीन साली डॉक्टरेट मिळाली. तिच्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण म्हणे नुसतं जन्मतारखांवर आहे. त्यात शुभंकर सोसायटीचा उल्लेख 'नमुना गट' असा येतो. चुरीकाकांनी ते वाक्य झेरॉक्स करून बोर्डावर लावलं होतं. अनुष्काच्या घरात हुशार कोण, हा निकाल अजूनही लागलेला नाही. जयवंतरावांची पट्टी निवृत्तीनंतर मोडली. दिवसभर घरी बसल्यावर मोजायला उसंत राहिली नाही, असं ते म्हणत.

सालोमी दोन हजार सातच्या उन्हाळ्यात वारली. शेवटपर्यंत तिची वाडी शाबूत होती. ॲनिशा कोणी फार मोठी झाली नाही. तिने शेतकीचा अभ्यासक्रम केला, वाडीत नर्सरी काढली, आणि कुठल्या झाडाला किती दिवसांनी काय लागतं हे ती वहीत न बघता सांगते.

दर आठ सप्टेंबरला ती आचोळ्याला येते. केळीची एक फणी आणि केक. एका वर्षी बोलता बोलता तिने विचारलं, "टीचर, तुमचा वाढदिवस कधी?" बाई म्हणाल्या, "एक जून." खरी तारीख सांगणारं कोणी उरलं नव्हतं. तेव्हापासून केकवर दोन नावं असतात.

नावांपुढे वय मात्र लिहिलेलं नसतं. पहिल्याच वर्षी बाई त्यावरून चिडल्या होत्या. केकवर आकडाच नाही, ही काय पद्धत!

ॲनिशाने सुरी त्यांच्या हातात दिली. "राहू द्या, टीचर. आकडा लिहिला, की कोणीतरी त्याने भागतं."